दोन्ही उमेदवार नको असतील तर घरी बसावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव कोकणात, नोकरी पनवेलला, मतदार यादीत नाव अजून गावीच. ७ मे २०२४ ला लोकसभेचं मतदान होतं, तेव्हा तुम्ही मुद्दाम गेला नाहीत. रजेची किंवा गाडीची अडचण नव्हती. दोन्ही बाजूंचे मोठे उमेदवार नको होते, म्हणून गेला नाहीत. आई म्हणते मत फुकट घालवलंस. तुम्हाला वाटतं, न जाणं हाच आपला निषेध. आणि तुम्ही विचारलंय की पुढच्या वेळी नोटा, म्हणजे "वरीलपैकी कोणीही नाही" हे बटण, दाबायचं की पुन्हा घरीच बसायचं.

मी महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालो. नोकरीतली बरीच वर्षं निवडणूक शाखेत गेली. मतपेट्यांच्या काळापासून यंत्रांपर्यंत केंद्रांवर साहित्य पोचवलं, केंद्राध्यक्षांना प्रशिक्षण दिलं, मतमोजणीच्या टेबलावर बसलो. तेव्हा आडवळण न घेता सांगतो. तुमचा राग खरा आहे, पण घरी बसल्यानं तो कुठेही नोंदला गेलेला नाही. कोकणात तर तो तसा नोंदला जाणं शक्यच नाही.

कारण आमच्या याद्या तुम्हाला ठाऊक आहेत. वाडीच्या यादीत सातशे नावं असली तर त्यातली किती माणसं खरोखर वाडीत असतात? कुणी नालासोपाऱ्याला, कुणी डोंबिवलीला, कुणी आखातात. कुणी वारलेला, पण घरच्यांनी नाव काढायचा अर्ज कधी दिलेला नाही. लग्न होऊन गेलेल्या मुली माहेरच्या यादीत तशाच. संध्याकाळी मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष नोंदवहीतल्या सह्या मोजतो आणि अमुक इतक्यांपैकी तमुक इतक्यांनी मत दिलं एवढं लिहितो. उरलेल्यांसाठी कारणाचा रकाना नसतो. तुमचा रुसवा, विरारच्या खोलीत झोपलेल्या पुतण्याची गैरहजेरी आणि पाच वर्षांपूर्वी वारलेल्या आजोबांचं नाव, सगळं एकाच वजाबाकीत जातं. त्या वजाबाकीकडे बघून कुठल्याही पक्षाचा माणूस "लोक नाराज आहेत" म्हणत नाही. तो म्हणतो, "चाकरमानी आले नाहीत."

ही गोष्ट मला मनापासून लागते. खरोखर विचार करून नाराज झालेली माणसं या यादीत दिसेनाशी होतात, आणि आपण काहीतरी सांगितलं अशा समजुतीत राहतात.

आता दुसरी बाजू, जी मतदारांना बहुधा माहीत नसते. तुमचं मत गुप्त आहे, पण तुमच्या केंद्राचा आकडा गुप्त नाही. मतपत्रिकांच्या काळात पेट्यांमधल्या मतपत्रिका एकत्र मिसळून मोजायची सोय होती. यंत्र आल्यावर प्रत्येक केंद्राचा हिशेब वेगळा निघायला लागला. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष नमुना १७-क भरतो आणि हजर असलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींना त्याची प्रत देतो. निकालानंतर नमुना २० तयार होतो. त्यात केंद्रवार, उमेदवारवार मतं आणि नोटाचा आकडा असतो, आणि तो मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतो. कोकणात वाड्या विखुरलेल्या, त्यामुळे केंद्र लहान. सातशे-आठशेच्या यादीत साडेचारशे मतं पडली आणि त्यात चाळीस नोटा निघाली, तर तालुक्यातल्या कार्यकर्त्यांना ती वाडी बोटावर दाखवता येते.

याचा दुरुपयोगही होतो, हे लपवत नाही. "तुमच्या वाडीतून आम्हाला काय मिळालं ते माहीत आहे" असं रस्त्याच्या कामाच्या वेळी सुनावलं जातं. म्हणूनच मोजणीत अनेक केंद्रांची बेरीज एकत्र दाखवणारं यंत्र आणावं असं निवडणूक आयोगाने सुचवलं होतं, विधी आयोगानेही २०१५ मध्ये त्याला दुजोरा दिला, पण ते झालं नाही. ते व्हायला हवं असं माझं मत आहे. तोपर्यंत मात्र पक्षांना खरोखर वाचता येते ती एकच भाषा, केंद्रावरच्या आकड्याची. न येणाऱ्याला त्या भाषेत अक्षरही नाही.

नोटाआधी काय होतं ते सांगतो. २००९ ची लोकसभा. समुद्राकडच्या एका गावात प्राथमिक शाळेत केंद्र होतं आणि मी फिरतीवर तिथे पोचलो होतो. एक म्हातारे गृहस्थ आले, पंचाहत्तरीच्या पुढचे, धुवट सदरा, हातात ओळखपत्र. बोटाला शाई लावून घेतली, नोंदवहीत सही केली आणि यंत्राकडे न जाता केंद्राध्यक्षासमोर उभे राहिले. म्हणाले, "माका कोणाकच मत देवचा नाय. पण मी इलंय ह्या लिवन ठेवा." केंद्राध्यक्ष तरुण शिक्षक होता, तो गोंधळला. मी त्याला नियम दाखवला. निवडणूक संचालन नियम १९६१ मधला ४९-ओ. सही झाल्यावर मतदाराने मत द्यायला नकार दिला तर नोंदवहीत त्याच्या नावासमोर शेरा मारायचा आणि खाली पुन्हा सही घ्यायची. त्याने शेरा लिहिला. आजोबांनी सही केली. सगळ्या खोलीत आवाज नव्हता. भिंतीकडच्या बाकावर बसलेले दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी मान वर करून बघत होते. यंत्राला सील लागेपर्यंत गावात बातमी फिरली होती की अमक्याने कुणालाच दिलं नाही. त्या माणसाचं धैर्य मोठं होतं, पण नियम वाईट होता. नकार द्यायचा तर सगळ्यांसमोर द्यायचा, आणि निकालाच्या कागदावर त्याचा पत्ता नाही.

२७ सप्टेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेच्या याचिकेवर निकाल दिला, त्याचा गाभा हाच होता. मत देणाऱ्याला गुप्तता आणि नाकारणाऱ्याला नाही, हे घटनेला धरून नाही, म्हणून यंत्रावर शेवटचं बटण द्या. त्या वर्षअखेरीच्या विधानसभा निवडणुकांत ते पहिल्यांदा आलं, लोकसभेला २०१४ मध्ये. त्या वेळी तेच आजोबा त्याच शाळेत आले होते. पडद्यामागून बाहेर आले, मला ओळखलं आणि म्हणाले, "ह्या बरा झाला. आता माजा मत माज्याकडे." त्यांनी कुठलं बटण दाबलं हे मला माहीत नाही. माहीत नसणं हेच बरोबर.

पण नोटाकडून नको ती अपेक्षा ठेवू नका. लोकसभेला नोटाला सगळ्यांत जास्त मतं पडली तरी निवडणूक रद्द होत नाही, त्याखालचा उमेदवार निवडून येतो. अनामत रक्कम वाचवायला वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो, त्या हिशेबातही नोटा धरत नाहीत. २०२४ ला इंदूरमध्ये काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला, नोटाला २,१८,६७४ मतं पडली आणि तरी विजयी उमेदवाराचा फरक अकरा लाखांच्या वर होता. त्याच निवडणुकीत सुरतेत काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला, बाकीच्यांनी मागे घेतले आणि उरलेला उमेदवार बिनविरोध झाला. तिथल्या मतदाराला नोटासुद्धा दाबता आली नाही, कारण मतदानच झालं नाही. आपल्या राज्य निवडणूक आयोगाने नोव्हेंबर २०१८ मध्ये नगरपालिका-महापालिकांसाठी वेगळा आदेश काढला: नोटा पहिली आली तर त्या जागेवर फेरनिवडणूक, तीही एकदाच. लोकसभेला ते लागू नाही. लागू व्हावं असं मला वाटतं, पण आज नाही हे ध्यानात ठेवूनच बोट पुढे करावं.

मग तिचा उपयोग कुठे? चुरशीत. २०१४ ला रायगडात अनंत गीते यांनी सुनील तटकरे यांना २,११० मतांनी हरवलं. तिथे तटकरे यांच्याच नावाच्या एका अपक्षाला साडेनऊ हजारांहून जास्त मतं गेली, आणि नोटाची मतं फरकाच्या कितीतरी पट होती. अशा निकालानंतर पक्षाच्या बैठकीत नमुना २० घेऊन बसतात आणि कुठल्या गावात ही मतं गेली ते शोधतात. नोटा दाबणाऱ्यांपर्यंत कुणी पोचलं असेल तर ते या वाटेनं. फरक लाखांत असला की नोटाचा रकाना कुणी उघडूनही पाहत नाही.

म्हणून माझा सल्ला असा की नोटा हे शेवटचं बटण आहे, यंत्रावरही आणि विचारातही. तिच्याआधी दोन गोष्टी करून बघा.

पहिली म्हणजे, मत देणं ही सोयरीक नव्हे. मुलीसाठी स्थळ बघताना आपण घराणं, स्वभाव, सगळं जुळायला हवं म्हणतो, कारण तिथे आयुष्य काढायचं असतं. उमेदवार पसंत पडायला हवा असा हट्ट धरला तर कुठल्याच निवडणुकीत मत देता येणार नाही. आमच्या घरांत नाथ पै आणि मधू दंडवते या जुन्या समाजवादी खासदारांची उदाहरणं देतात, आणि ती द्यावीत अशीच आहेत. वेंगुर्ल्याच्या नाथ पैंना तेव्हाच्या राजापूर लोकसभा मतदारसंघाने १९५७, १९६२ आणि १९६७ असं तीनदा पाठवलं. त्यांच्यामागून दंडवते १९७१ पासून पाच वेळा गेले, रेल्वेमंत्री झाले, दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर गादी आली ती त्यांच्या काळात. पण त्याच राजापूरने १९९१ मध्ये दंडवत्यांना पाडलं, ते देशाचे अर्थमंत्री होऊन गेल्याच्या दुसऱ्याच वर्षी. म्हणजे चांगला उमेदवार समोर असला की सगळे प्रश्न सुटत होते असं तेव्हाही नव्हतं. तेव्हाचा मतदारही नाराज होत होता, फक्त ती नाराजी तो पेटीत टाकत होता.

आत्ताची नाराजी वेगळ्या जातीची आहे, हे मान्य. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ ला रत्नागिरी-सिंधुदुर्गात कमळ विरुद्ध मशाल आणि रायगडात घड्याळ विरुद्ध मशाल अशी लढत झाली. वर्षानुवर्षं धनुष्यबाणावर बोट ठेवणाऱ्या घरांना यंत्रावर धनुष्यबाणच सापडला नाही. काल ज्याच्याविरुद्ध घोषणा दिल्या त्याच्या प्रचाराला आज जायचं, हे कार्यकर्त्यांनाही जड गेलं. मतदाराला आपण फसवले गेलो असं वाटलं तर त्यात त्याची चूक नाही.

दुसरी गोष्ट: खासदाराकडे खासदाराचंच काम मागा. निवडणूक शाखेत असताना लोक माझ्याकडे तक्रारी घेऊन यायचे आणि त्यातल्या निम्म्या जिल्हा परिषदेच्या असायच्या. वाडीचा रस्ता, नळपाणी योजना, शाळेचं छप्पर. त्यावरून लोकसभेच्या उमेदवाराला जोखलं तर सगळेच नापास होतात, आणि ज्याचं खरोखर उत्तर द्यायला हवं ते राहून जातं. कोकणात दिल्लीच्या हातात आहे ते फार मोठं आहे. मुंबई-गोवा महामार्ग राष्ट्रीय आहे, त्याच्या चौपदरीकरणाला २०११ मध्ये सुरुवात झाली आणि अजून गणपतीला आपण त्याच रस्त्याने हाडं खिळखिळी करून घेतो. कोकण रेल्वे १९९८ पासून पूर्ण धावते, पण दुपदरी झाली ती रोहा ते वीर एवढीच. किनाऱ्यावर घर बांधायचं तर सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राची, अधिसूचना केंद्राची. बारा सागरी मैलांपलीकडची मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत, आणि परराज्यातल्या मोठ्या नौकांचा आपल्या रापणकराशी आणि लहान होडीवाल्याशी झगडा तिथूनच सुरू होतो. जैतापूरचा अणुऊर्जा प्रकल्प केंद्राचा. नाणारच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाची अधिसूचना २०१७ मध्ये निघाली आणि मार्च २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर, रद्द झाली. लोकांनी रेटा लावला तर काय होऊ शकतं ते तिथे दिसलं. तो रेटा मतदानाच्या दिवशी एका दिवसात तयार झाला नव्हता.

यातला तुमचा प्रश्न कुठला ते ठरवा, एकच. मग दोघा-तिघांची तुलना त्यापुरतीच करा. विद्यमान खासदार असेल तर लोकसभेच्या संकेतस्थळावर त्याने विचारलेले प्रश्न आणि भाषणं मिळतात. तिथे तुमच्या विषयाचं नाव टाकून शोधा, दहा मिनिटांचं काम आहे. उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र, नमुना २६, अर्ज भरल्यावर लगेच लागतं. त्यात खटले, मालमत्ता, कर्ज आणि सरकारी थकबाकी असते. लोक फक्त संपत्तीचा आकडा बघतात. मी तुम्हाला खटल्यांचा रकाना नीट वाचायला सांगेन. आंदोलनात जमावबंदी मोडल्याचा गुन्हा वेगळा आणि फसवणुकीचा वेगळा. गुन्हे असलेला उमेदवार का निवडला याचं कारण पक्षाने जाहीर करायला हवं, असा सर्वोच्च न्यायालयाचा फेब्रुवारी २०२० चा निकाल आहे. ती कारणं वाचा. बहुतेक ठिकाणी "लोकप्रिय आहे, काम केलं आहे" एवढंच लिहिलेलं असतं, आणि त्यावरूनही पक्ष आपल्याला किती जमेत धरतो ते कळतं.

यादीतली खालची नावंही वाचा. एका मतदान यंत्रावर सोळा बटणं, शेवटचं नोटाचं. मधली बारा-तेरा नावं आपण न वाचताच सोडून देतो. त्यातले काही नामसाधर्म्यासाठी उभे केलेले असतात हे खरं, पण काही खरोखर आपल्या प्रश्नासाठी उभे असतात. अपक्षाला दहा सूचक आणि २५,००० रुपये अनामत लागते, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. कुणी मच्छीमार संघटनेतला, कुणी धरणग्रस्त. तो हरणार हे नक्की असलं तरी त्याच्या नावासमोर तुमच्या केंद्रावर पडलेली साठ मतं नोटापेक्षा स्पष्ट बोलतात. नोटा सांगते की हे नकोत. त्याची मतं सांगतात की आम्हाला अमुक हवं. मला विचाराल तर माझ्या लेखी नोटापेक्षा हे मत जड.

एवढं करूनही कुणीच पटलं नाही तर नोटा खुशाल दाबा, आणि एकटीने दाबू नका. गावच्या बैठकीत उघड बोलून ठरवा. बहिष्काराचे फलक लावणारी गावं मी बरीच पाहिली. मतदानाच्या आदल्या दिवशी आमच्यासारखे अधिकारी जाऊन समजूत घालतात, कुणीतरी लेखी आश्वासन देतो, निम्मी माणसं दुपारनंतर येतात आणि गावात दोन तट पडतात. एकदाही बहिष्कारामुळे निवडणूक थांबलेली मी पाहिली नाही. तेच गाव एकमताने नोटावर गेलं असतं तर आकडा कायमचा कागदावर राहिला असता आणि कुणाचं कुणाशी वाकडं झालं नसतं.

आता उमेदवारीबद्दल, कारण खरा घाव तिथे बसतो. आपल्यासमोर दोन नावं येतात तोवर सगळं ठरलेलं असतं, कधी मुंबईत, कधी दिल्लीत. ते ठरवताना तालुक्यातून काय विचारतात? हा कुठल्या केंद्रांवर किती घेईल. नाराज माणसं बैठकांना जाणं सोडतात, तेव्हा हे उत्तर देणारे तेच दहा-बारा जण उरतात. पक्षात जा असं मी म्हणत नाही. पण उमेदवारी जाहीर होण्याच्या आधीच्या वर्षभरात तुमच्या गावाने, मच्छीमार सोसायटीने किंवा आंबा बागायतदारांनी सगळ्या पक्षांच्या तालुकाध्यक्षांना एकच पत्र दिलं, आमचा प्रश्न हा, याचं उत्तर देणारा माणूस द्या, तर ते पत्र वर जातं. अशी पत्रं वर गेलेली मी पाहिली आहेत. निवडून आल्यावर खासदार जिल्ह्याच्या "दिशा" समितीचा अध्यक्ष किंवा सहअध्यक्ष असतो, केंद्राच्या योजनांचा आढावा तिथे होतो. त्याच्या हातात वर्षाला पाच कोटींचा स्थानिक विकास निधी असतो आणि कामं सुचवणं त्याच्याकडे असतं. कुठली कामं सुचवली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात मागता येतं. पाच वर्षांत एकदाही कुणी मागत नाही, हे मला नोकरीत फार खटकायचं.

शेवटी तुमच्या नावाचं. ते गावी ठेवायचं की पनवेलला आणायचं, याचा निर्णय आधी घ्या. पनवेल मावळ मतदारसंघात आहे. २०२४ ला तिथे १३ मे रोजी मतदान झालं, गावी ७ मे रोजी. दोन्हीकडे नाव ठेवणं बेकायदा आहे, कुणी कितीही सोपं करून सांगितलं तरी ते करू नका. हलवायचं तर नमुना ८ भरा. गावीच ठेवायचं असेल तर मतदानाच्या दिवशीची भरपगारी सुट्टी तुमचा हक्क आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब खाली. कंपनी दुसऱ्या मतदारसंघात असली तरी मालकाला ती द्यावी लागते. दूर राहणाऱ्यांसाठी रिमोट मतदान यंत्राचा नमुना आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पक्षांपुढे मांडला होता, पण तो पुढे सरकला नाही, त्यामुळे सध्या प्रवासाला पर्याय नाही.

आणि आज एक काम करा. तुमच्या विधानसभा मतदारसंघाचा २०२४ च्या लोकसभेचा नमुना २० काढा आणि यादीतल्या भाग क्रमांकावरून गावचं केंद्र शोधा. एकूण किती मतं पडली, पहिल्या दोघांत फरक किती, नोटा किती, ते एका कागदावर उतरवा आणि गणपतीला घरी जाल तेव्हा आईला आणि शेजारच्या चार घरांना दाखवा. तुमच्यासारखे ठरवून न आलेले किती होते, ते त्या चार घरांतच कळेल.